धर्माचा डबा

औसेकरांच्या सुनेच्या नावाला रोज उदबत्ती मिळायची, पण त्यांच्या दुकानात तिला बसायला खुर्ची नव्हती. यात तिखटमीठ लावून सांगितलेलं काही नाही. कोठीहून सुलतान बाजाराकडे वळताना डाव्या हाताला 'औसेकर मेडिकल हॉल' होता. आत गेलं की समोर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्या शेजारी तेवढ्याच चौकटीत मंगलाचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट. सासरे भगवंतराव सकाळी दुकान उघडायचे, लक्ष्मीला उदबत्ती ओवाळायचे आणि तीच पुढे सर्टिफिकेटवरून फिरवायचे. आणि ज्या बाईचं ते सर्टिफिकेट, ती त्या वेळी घरी भाजी निवडत असायची.

औषधाच्या दुकानात शिकलेला फार्मासिस्ट हजर असला पाहिजे, असा सरकारी नियम. फार्मासिस्टची फ्रेम हजर असली की झालं, असा त्याचा अर्थ आजूबाजूच्या कितीतरी दुकानांनी लावून घेतला होता. भगवंतराव काही त्यांच्याहून वेगळे नव्हते. त्यांचा जुना फार्मासिस्ट दम्याने घरी बसला तेव्हा ते मुलासाठी, मुकुंदासाठी, मुली बघत होते. काचीगुड्याच्या या मुलीची पत्रिका त्यांनी वरवर पाहिली, पण डिप्लोमाची गुणपत्रिका मात्र चष्मा पुसून दोनदा वाचली. लग्नात मंगलाने काय आणलं, असं कुणी विचारलंच तर खरं उत्तर एकच होतं, ती फ्रेम.

मंगला दर शुक्रवारी दुकानात जायची, डॉक्टरांच्या आठवड्याभराच्या चिठ्ठ्यांच्या वहीवर सह्या करायची आणि परत यायची. पहिली दोन वर्षं तिला वाईट वाटलं, मग सवय झाली. सवयीचं हेच वाईट असतं, की ती लागली हे कळतच नाही.

दुकान खरं चालायचं ते नामदेवरावांवर. बासष्टीचे, काटक, बेचाळीस वर्षं त्याच काउंटरमागे. भगवंतराव चिठ्ठी हातात घेऊन औषधाचं नाव मोठ्याने पुकारायचे, आणि नाव पुरतं उच्चारून व्हायच्या आत नामदेवरावांच्या हातात गोळ्यांची पट्टी असायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांना तर चिठ्ठीही लागत नसे. माणूस पायरी चढला की नामदेवराव म्हणायचे, "हौ हौ, काढून राहिलो, बसा." त्या झटपटीचं कौतुक सिकंदराबादेपर्यंत होतं.

आणि दुकानात एक डबा होता. बिस्किटांचा जुना, चौकोनी पत्र्याचा. लोक पट्टीतल्या चारच गोळ्या मागत, नामदेवराव कात्रीने चार कापून देत आणि बारीकसारीक तुकडे उरले की या डब्यात पडत. भगवंतरावांचा धाकटा भाऊ लहानपणी तापात औषधावाचून गेला होता. दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा नेम होता, परिस्थिती नसलेल्या माणसाला डब्यातून फुकट द्यायचं. घरात त्याला धर्माचा डबा म्हणत. त्या डब्याने कितीजणांचे आशीर्वाद मिळवले असतील, देव जाणे. त्यामुळे त्यातल्या तुकड्यांवर नाव आहे का, तारीख आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मंगलालाही नाही, आणि तिला तर ते परीक्षेत विचारलेलं होतं.

चौऱ्याण्णव साल होतं. देशाचे दरवाजे उघडले होते आणि त्यातून औषधांच्या कंपन्यांचे टाय लावलेले पोरगे रोज चार-चार आत येत होते. एकाच औषधाची दहा नावं, आणि जुन्या कंपन्यांनीही आपल्या लाल-पिवळ्या पट्ट्या टाकून सगळं चकचकीत चंदेरी केलेलं. नामदेवरावांना ते आवडायचं नाही. "सगळ्या बायकांनी एकच साडी नेसल्यासारखं करून ठेवलंय," असं ते म्हणायचे.

त्या शुक्रवारी मंगला सह्या करत असताना रेणू आली. इंदुताई परळीकरांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी तेलुगू मुलगी. तिचा चेहरा उतरला होता. हातातली कागदी पिशवी तिने काउंटरवर ठेवली.

"अंकल, टीचरम्मा की बीपी की गोलियाँ होना. इसमें तीन बाकी हैं, आगे की दे दो."

"ताईंना काय झालं?" मंगलाने पेन खाली ठेवलं. बडी चावडीच्या इंदुताईंनी तिला मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवलं होतं. ए-बी-सीपासून.

काय झालं ते रेणूने सांगितलं. काल एकादशी, ताईंचा उपास. दुपारी त्या तुळशीपाशी पडल्या. अंग घामाने निथळत होतं, जीभ वळत नव्हती. रेणूने ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. साखर पार खाली गेली होती. सलाईन लावलं तेव्हा दोन तासांनी त्यांनी ओळखलं. साखरेचा आजार नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, वय झालं, त्यात उपास, यांना एकटं ठेवू नका. सकाळीच पुण्याचा भाचा हेमंत येऊन पोचला होता. घर रिकामं करून परवा, रविवारच्या गाडीने तो आत्याला घेऊन जाणार होता.

"रो रहे टीचरम्मा," रेणू म्हणाली. "बोले, मैं नक्को जाती. कौन सुनता?"

मंगलाने पिशवीतला तुकडा काढला. पाच गोळ्यांचा, चंदेरी, कडेला गुलाबी पट्टा. दोन घरं फुटलेली, तीन गोळ्या शाबूत. तिने तो उलटा केला. मागे नाव अर्धंच होतं, उरलेलं कात्रीत गेलेलं. पण अर्धं नाव पुरेसं होतं.

ती बीपीची गोळी नव्हती. साखर उतरवायची होती.

तिने कपाटातून बीपीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी काढली, मागचं नाव दोनदा वाचलं आणि रेणूच्या हातात दिली. "जुन्या तीन माझ्याकडे राहू दे. ताईंना हीच द्यायची, यातलीच." रेणू पायऱ्या उतरून गेली. मग मंगलाने तुकडा सासऱ्यांपुढे ठेवला.

"बाबा, ताई म्हातारपणाने पडल्या नाहीत. आपण पाडलं त्यांना. ही साखरेची गोळी आहे. बुधवारी एक घेतली, जेवण झालेलं म्हणून निभावलं. काल उपाशीपोटी दुसरी घेतली."

भगवंतरावांनी नामदेवरावांकडे पाहिलं. नामदेवरावांनी तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला. "गुलाबी पट्टा आहे की, सूनबाई. बीपीचीच आहे. ताईंची पेन्शन तुटपुंजी, बोलून दाखवत नाहीत बिचाऱ्या. म्हणून दर खेपेला विकतच्या दहात पाच डब्यातल्या घालतो मी. त्यांना सांगत नाही, लाजतील म्हणून."

"मामा, मागे नाव आहे ना. बघा तरी."

नामदेवरावांनी तुकडा उलटा केला. तिने बोट ठेवलं तिथे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला पाहिलं, मग भगवंतरावांकडे पाहिलं. मंगलाला तेवढ्यात सगळं कळलं.

"नामदेव उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकला," भगवंतराव हळूच म्हणाले. "निझामाचं राज्य होतं, इंग्रजी कुणाच्या नशिबी? मी नाव पुकारतो, तो रंग बघून काढतो. बेचाळीस वर्षांत एक चूक नाही झाली."

"झाली असेल तर कळली नसेल," मंगला म्हणाली. डब्यातून घेऊन गेलेली किती माणसं 'वय झालं होतं' म्हणून गेली असतील, कोण सांगणार? नामदेवराव स्टुलावर बसले. उर्दू पेपर घडी घालून खिशात ठेवणारा हा माणूस, देवळातल्या पोथीचा अध्याय घडाघडा वाचणारा. त्याच्यावर चिडावं तर चिडताही येईना.

"मी आत्ता जाते ताईंकडे. त्यांना खरं सांगते."

"थांब." भगवंतरावांचा आवाज चढला. "बाई वाचली. औषध तू बदलून दिलंस. डॉक्टरच म्हणाले उपासाने झालं. देवाने झाकलंय ते आपण उघडायचं? उद्या शहरभर होईल, औसेकरांनी मास्तरीणबाईंना भलतंच दिलं. मी फळं पाठवतो, हवं तर दवाखान्याचा खर्च देतो."

"त्यांचं घर जातंय, बाबा. आपल्या चुकीपायी."

"भाच्याकडे सुखाने राहतील. तू घरी जा."

ती घरी गेली, कारण लग्नानंतरच्या सात वर्षांत दुसरं काही केलेलं नव्हतं. संध्याकाळी दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमधून मुकुंद आला, त्याला तिने सगळं सांगितलं. मुकुंद गणित शिकवायचा, आणि समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात हे त्याने संसारातही मनावर घेतलं होतं. "तुझंही बरोबर आहे," तो म्हणाला, "आणि बाबांचंही. सहा महिन्यांनी सांग, वातावरण निवळलं की."

"सहा महिन्यांनी त्या पुण्याला कुणाच्या तरी बाल्कनीत बसून, आपलं डोकं फिरलं म्हणून घाबरत असतील."

मुकुंदने काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली. मग म्हणाला, "मी बाबांशी बोलू का?"

"नको. सर्टिफिकेट तुझं नाही."

खरं तर तिला भीती वाटत होती. दुकानावर सहा माणसांचं पोट होतं. तक्रार झाली तर परवाना जाईल, तिची नोंदणी जाईल, आणि सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात मिळवलेलं नाव एका गुलाबी पट्ट्यापायी जाईल. पण प्रत्येक भीतीच्या शेवटी तिला इंदुताई दिसायच्या, ट्रंकेत पुस्तकं भरताना.

शनिवारी सकाळी अकराला ती दुकानात शिरली. गिऱ्हाइकं होती. तिने नामदेवरावांचं स्टूल ओढलं, पदर खोचला, वर चढली आणि लक्ष्मीच्या शेजारची फ्रेम खिळ्यावरून काढली. मागे भिंतीवर स्वच्छ पांढरा चौकोन निघाला.

"सूनबाई! लोक बघून राहिलेत!" भगवंतराव गल्ल्यामागून ओरडले.

"बघू दे. फ्रेम नाही म्हणजे परवाना नाही, बाबा. मी परत लावेपर्यंत हे दुकान कायद्याने बंद आहे."

"या दुकानाची इज्जत..."

"इज्जत माझ्या नावाची आहे. इथे नाव माझं आणि हात दुसऱ्याचे. आता नाव जिथे असेल तिथे मी असणार." ती स्टुलावरून खाली उतरली. फ्रेम पोटाशी धरून ती रस्त्यावर आली. मागे शटर ओढल्याचा आवाज झाला तेव्हा तिने वळून पाहिलं नाही. शेजारच्या दुकानदाराकडून उसनी फ्रेम आणून भगवंतरावांना दुकान चालू ठेवता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, हे तिला संध्याकाळी कळलं.

बडी चावडीत इंदुताईंच्या दारात दोन ट्रंका दोरीने बांधून ठेवल्या होत्या. रद्दीवाल्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकांचा ढीग बाजूला होता. ताई कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, एका हाताने कॉटची कड घट्ट धरून. असं धरून बसलेलं त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू फुटायला आलं, पण रडायला आली नव्हती ती.

तिने उभ्यानेच सांगितलं. काही गाळलं नाही. डबा, तुकडा, गुलाबी पट्टा, बुधवार, एकादशी. नामदेवरावांचं नाव मात्र घेतलं नाही.

"म्हणजे विष दिलंत माझ्या आत्याला!" हेमंत ओरडला. "कोणी दिलं? कोण होता काउंटरवर?"

"दुकान माझ्या नावावर चालतं. मी दिलं."

"मी तक्रार करणार आहे."

"करा. पत्ता मी लिहून देते. आणि नाव असं लिहा." तिने फ्रेम टेबलावर ठेवली. "नोंदणी क्रमांक खाली उजवीकडे आहे."

हेमंतने फ्रेम उचलली आणि तशीच परत ठेवली. भांडायला उठलेल्या माणसाच्या हातात समोरच्यानेच काठी दिली की त्याची पंचाईत होते.

इंदुताई भिंतीपासून पुढे सरकल्या. आता त्यांनी विचारलं, "म्हणजे मी म्हातारपणाने पडले नाही?"

"नाही, ताई."

"उपासानेही नाही?"

"उपासाने जास्त झालं. मूळ ते नाही. ती गोळी थांबली, आता तसं होणार नाही. हा तुकडा दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. ते हेच सांगतील."

ताईंनी कॉटची कड सोडली. सुटलेल्या हाताकडे बघत राहिल्या. "परवापासून मला वाटत होतं, मी संपले. न्हाणीत जाताना भीती, दिवा लावताना भीती. आपल्याच डोक्याचा भरवसा गेला की माणसाचं काय उरतं गं?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग एकदम त्यांचा आवाज वर्गातला झाला. "सात वर्षं तुझं नाव त्या भिंतीवर आहे. तू कुठे होतीस?"

"घरी."

"हजेरी लावून पळून जाणाऱ्या मुलीला मी काय करत असे?"

मंगलाने मान खाली घातली. "बाकावर उभं करत होतात."

"हं. सोमवारी मी दुकानात येईन. तू तिथे उभी दिसलीस तर तक्रार माझ्यापाशी राहील. नाही दिसलीस तर हेमंताने नाही, मी स्वतः नेऊन देईन." त्या भाच्याकडे वळल्या. "एक तिकीट रद्द कर. तुझं राहू दे, तुला ऑफिस आहे. आणि ती पुस्तकं आत ने."

हेमंतने वाद घातला. ताईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि पुन्हा तेच वाक्य सांगितलं.

रविवारी भगवंतराव डबा घरी घेऊन आले. शनिवारपासून ते सुनेशी बोलले नव्हते. अंगणात बसून त्यांनी झाकण उघडलं, आणि मंगला एकेक तुकडा उचलून वाचायला लागली. पहिल्या वीस तुकड्यांत तारीख एकावरच निघाली, तीही दोन वर्षांपूर्वीची. भगवंतराव ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तिचा हात थांबवला. "पुरे," ते म्हणाले. "मी पुण्य समजून वाटत होतो गं हे." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोघांनी मिळून गोळ्या सोलल्या, बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला आणि परसात खोल खड्ड्यात पुरला, कुणी उचलून नेऊ नये म्हणून.

"मग परिस्थिती नसलेल्याला द्यायचंच नाही का?" त्यांनी विचारलं.

"द्यायचं की. अख्ख्या पट्टीतून द्यायचं, नाव आणि तारीख पाकिटावर लिहून. त्यांना दिलेलं काही कमी जपून द्यायचं नसतं, बाबा."

सोमवारी दहाला फ्रेम भिंतीवर लागली आणि तिच्या खाली पांढरा कोट घालून मंगला उभी राहिली. भगवंतरावांनी गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची उचलून तिच्याजवळ आणून ठेवली. ती बसली नाही. दोन दिवस बंद असलेल्या दुकानात गर्दी उसळली होती. प्रत्येक चिठ्ठी ती स्वतः वाचत होती, नामदेवराव काढून देत, ती उलटून नाव तपासत होती. वेळ लागत होता. लोक कुरकुरत होते. "क्या अम्मा, पहले तो फटाफट होता था," एक शेरवानीवाले बुजुर्ग म्हणाले. "आता असंच होणार, चाचा," ती म्हणाली आणि पाकिटावर लिहीत राहिली.

अकराच्या सुमाराला इंदुताई आल्या, रेणूचा हात धरून. पायरी मात्र त्या हात सोडून चढल्या. त्यांनी मंगलाकडे पाहिलंही नाही. चिठ्ठी थेट नामदेवरावांच्या पुढे धरली. "माझं औषध द्या."

नामदेवरावांनी चिठ्ठी घेतली. बेचाळीस वर्षं जे लपवलं होतं ते आजही लपवता आलं असतं, भगवंतराव नाव पुकारायला तोंड उघडतच होते. नामदेवरावांनी त्यांना हाताने थांबवलं.

"ताई, मला इंग्रजी वाचता येत नाही," ते भर गर्दीत म्हणाले. "तुम्हाला ते मीच दिलं होतं. सूनबाईंनी नाही." त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी मंगलाकडे दिली.

सगळ्या माना नामदेवरावांकडे वळल्या.

"रोज दुपारी दुकान मिटतं तेव्हा घरी या," इंदुताई म्हणाल्या. "वही आणा. पहिल्या दिवशी फक्त ए. मला पुण्याला का जायचं नाही, हे हेमंताला सांगायला कारण हवंच होतं." मग त्या मंगलाकडे वळल्या. "वाच."

मंगलाने पट्टी उलटी केली आणि नाव वाचलं.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

तिने पुन्हा वाचलं. नाव, किती ताकदीची, कोणत्या महिन्यापर्यंत चालेल, कधी घ्यायची. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. नामदेवराव तिच्या बोटाखालचं एकेक अक्षर बघत होते.

इंदुताईंनी पट्टी घेतली, चष्मा लावून स्वतः ताडून पाहिली आणि पर्समध्ये ठेवली. बाहेर पडता पडता त्या थांबल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बस खाली."

मंगला खुर्चीवर बसली.